उत्तर क्रमांक चार

मंगळवारी पहाटे चारला बदल झाला.
डब्लिनमध्ये नुसतं धुकं.
लिफीच्या काठी तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण,
थंड चहा, आणि वरून आलेली सूचना:
तक्रारी येतील. उत्तर क्रमांक चार पाठवा.
माणसाला कशाचीही सवय होते.

उत्तर क्रमांक चार असं होतं:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

पहिली आली ॲबरडीनहून, इशबेल गेडिस नावाची.
समास कुठे गेला?
एवढंच.
मी चार नंबर पाठवला, खाली सही: टर्लो, ग्राहक साहाय्य.

टर्लो, तिनं लिहिलं,
अकरा वर्षं मी बंदरातला गंज टिपते आहे.
साखळ्यांचा, बिजागऱ्यांचा,
वाळूत रुतलेल्या बोटींच्या बरगड्यांचा.
भोवती पांढरी जागा सोडते.
पत्राला समास असतो, थडग्याभोवती गवत असतं.
तुम्ही फोटो ताणून ताणून भिंतींना भिडवलेत
आणि खालची माझी ओळ पुसलीत.

पुसली नव्हती. बाणाखाली गेली होती.
बाणावर बोट ठेवलं की दिसायची.
तसं मी तिला कळवलं,
आणि खात्री करायला एक बाण स्वतः दाबून पाहिला.
गंजलेला खुंट. खाली:
कॅलमनं शेवटचा दोर बांधला तो याच्याच गळ्यात.

गुरुवारपासून काळे चौकोन यायला लागले.
केमीचा तेउवो, वालपाराइसोची ग्रासिएला,
ज्यांनी एकमेकांना जन्मात पाहिलं नाही असे
दोनशे, मग सात हजार.
फोटोच्या जागी फोटो नाही, नुसता काळा.
समोरचा मोठा पडदा
वीज गेलेल्या गावासारखा दिसायला लागला.

ग्रॉन्या हसली. म्हणाली,
घरमालकानं रंग काढला म्हणून
भाडेकरूंनी मोर्चा काढायचा का?
मग बराच वेळ बिस्किट चहात बुडवून बसली, ते तुटून तळाला गेलं,
आणि म्हणाली,
भाडं पण तेच देतात ना रे, फोटोंनी.

मी बाण दाबत सुटलो.
चौकोन काळे होते, ओळी नव्हत्या.
तेउवो: इथे बर्फावर कोल्ह्याची पावलं होती. कोल्हा नव्हता.
ग्रासिएला: इथे आमच्या गल्लीचा जिना, एकशे बारा पायऱ्या.
वरून चौथी तुटकी, जपून.
कोणीतरी शाळकरी: इथे काहीच नव्हतं
पण मला तुमचा राग आलाय.
ल्यूब्लियानाचा एक पोस्टमन:
इथे आईचे हात. चेहरा तिला नको होता.

इतके फोटो मी नोकरीत कधी पाहिले नव्हते.
सकाळी सहाला बदली माणूस आला,
म्हणाला, उठ की.
माझी एकशे नव्वद उत्तरं पाठवायची राहिली होती.

महिन्यानं आलेख दाखवला गेला.
रेघ उतरत होती. बघा, म्हणाले, तक्रारी कमी,
सवय होते आहे.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
रेघ उतरत उतरत जिथे संपत होती
तिथे मी उगाच मोजत होतो: वरून चौथी, जपून.

इशबेलनं तिचे सगळे फोटो परत मागितले.
सहा हजार दोनशे चौदा.
गाठोडं बांधायला यंत्राला दोन रात्री लागल्या.
मिळाले, तिनं लिहिलं.
सात उघडत नाहीत.
कोणते सात, ते मला पाठ आहे.

याला कुठलं उत्तर लागू पडतं
ते यादीत पाहिलं. चारच लागू पडत होतं.
उघडलं, बंद केलं.
स्वतःच्या पत्त्यावरून विचारलं,
तो खुंट अजून आहे का तिथे?

पंधरा दिवस काही नाही.
मग एका रविवारी, समास नसलेली एक ओळ:

आहे. बंदरवाल्यांनी परवाच रंगवला.
निळा.